अठ्ठावीस वर्षांनी येणारी बेराखा आणि पेसाहच्या आदल्या दिवशीची सकाळ : मुंबईतील एका सिनेगॉगचा प्रकरण अभ्यास

हे प्रकरण मुंबईच्या मध्य भागातील एका जुन्या बेने इस्रायली (कोकणातून आलेल्या मराठीभाषक ज्यू समाजाच्या) सिनेगॉगचे, म्हणजे ज्यू प्रार्थनास्थळाचे आहे. सिनेगॉगचे नाव, वस्ती आणि माणसांची ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. दिवस 8 एप्रिल 2009, बुधवार. एका दुर्मीळ विधीला ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळेत जागा कशी करून दिली गेली आणि त्यासाठी कोणते निर्णय घ्यावे लागले, एवढाच या टिपणाचा विषय आहे.

पार्श्वभूमी

ज्यू धर्मशास्त्रात सूर्याविषयीची एक बेराखा, म्हणजे देवाचे स्तवन करणारे ठरीव वचन, अशी आहे, की ती दर 28 वर्षांनी एकदाच म्हटली जाते. तिला बिरकत हाहम्मा म्हणतात. तालमूद या प्राचीन ज्यू शास्त्रसंग्रहाच्या बेराखोथ या ग्रंथात (पान 59, दुसरी बाजू) तिचा आधार सापडतो. सूर्य आपल्या मूळ जागी परतलेला जो पाहील त्याने 'आरंभीची सृष्टी घडवणाऱ्या' देवाचे स्तवन करावे, असे तेथे सांगितले आहे आणि हा योग 28 वर्षांनी येतो, असे आबाये या आचार्यांचे स्पष्टीकरण पुढे दिले आहे. सूर्य, चंद्र आणि तारे चौथ्या दिवशी निर्माण झाले असे बायबलमधील उत्पत्ती या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात म्हटले आहे, म्हणून हा दिवस नेहमी बुधवारच असतो.

यामागचा हिशेब सोपा आहे. सूर्याची 'मूळ जागा' म्हणजे वसंतसंपात, मार्चमध्ये दिवस-रात्र समान होतात तो क्षण. तिसऱ्या शतकातील बाबिलोनी आचार्य शमुएल यांच्या गणनेनुसार वर्ष 365 दिवस आणि 6 तासांचे असते. त्यातून 52 पूर्ण आठवडे वजा केले की सव्वा दिवस उरतो, आणि सव्वा दिवस गुणिले 28 म्हणजे 35 दिवस, बरोबर पाच आठवडे. त्यामुळे वसंतसंपाताचा गणिती क्षण 28 वर्षांनी त्याच वाराला, त्याच तासाला परततो. इब्री वर्ष 5769 मध्ये अशी 206 चक्रे पुरी होऊन 207वे सुरू होत होते. विसाव्या आणि एकविसाव्या शतकांत ही तारीख 8 एप्रिललाच येते. या आधीचे योग 1925, 1953 आणि 1981 चे.

प्रकरण समजण्यासाठी बेने इस्रायली समाजाविषयीही थोडे सांगायला हवे. पूर्वजांचे जहाज अलिबागजवळ नौगावच्या किनाऱ्यावर फुटले आणि वाचलेली मंडळी कोकणात वसली, अशी या समाजाची परंपरा आहे. कित्येक शतके ग्रंथ हाताशी नसताना शेमा ही एकेश्वराची प्रार्थना, शब्बाथ (शनिवारचा विश्रांतीचा दिवस), सुंता आणि काही सण एवढ्यावर त्यांनी धर्म राखला. सणांची नावेसुद्धा मराठी झाली. पेसाहला, म्हणजे मिसरातून (इजिप्तमधून) झालेल्या सुटकेच्या, खमीर वर्ज्य असलेल्या सणाला, जुन्या बोलीत 'अनाशी धाकाचा सण' म्हणत. इब्री शिक्षण आणि सेफार्दी (मूळच्या स्पेन-पोर्तुगालमधील ज्यूंच्या) पद्धतीची प्रार्थना नंतर आली. याचा परिणाम असा, की एखादा विधी ग्रंथात स्पष्ट असला तरी 'आपल्याकडे हे कधी होत होते का' हा प्रश्न येथे नेहमी उठतो. या वेळीही तो उठलाच.

अडचण

2009 मध्ये हा बुधवार ज्यू पंचांगातील निसान महिन्याच्या 14 तारखेला आला होता, म्हणजे पेसाहच्या आदल्या दिवशी. ज्यू वर्षात एवढी घड्याळाला बांधलेली सकाळ क्वचितच दुसरी असेल. खमीर घातलेले अन्न ठरावीक वेळेपर्यंतच खाता येते, उरलेले त्यानंतर तासाभरात जाळावे लागते, आणि थोरल्या मुलांना त्या दिवशी उपवास असतो. एखाद्या ग्रंथाचे अध्ययन पुरे झाल्याची मेजवानी, म्हणजे सियूम, असेल तर तो उपवास सोडता येतो. घरोघरी बायका आठवडाभर सफाईत गुंतलेल्या असतात. तांब्या-पितळेच्या भांड्यांना कल्हई करून घेण्याची जुनी रीत पाळणारी घरे आता थोडी असली, तरी त्या सकाळी स्वयंपाकघर रिकामे असलेले घर एकही नसते.

बेराखेलाही वेळेची मर्यादा आहे. सूर्योदयापासून दिवसाचे बारा समान भाग करून मोजलेले पहिले तीन तास उत्तम, असे मागेन अव्राहाम हे भाष्य सांगते. अडचण असेल तर मध्यान्हापर्यंत म्हणायला अनेक आचार्यांची मोकळीक आहे. मुंबईत त्या दिवशी सूर्योदय साडेसहाच्या जरा आधी होता. त्यानुसार तिसरा तास साडेनऊच्या थोडे पुढे संपत होता आणि मध्यान्ह पावणेएकच्या सुमारास. खमीराच्या वेळा मोजताना काही आचार्य दिवस पहाटेपासून धरतात, मग त्या आणखी आधी संपतात.

त्यात तो कामाचा दिवस. शिवाय 26 नोव्हेंबर 2008 च्या हल्ल्याला जेमतेम साडेचार महिने झाले होते. नरिमन हाउस या ज्यू केंद्रात जे घडले ते शहरातल्या प्रत्येक ज्यू घराच्या मनात ताजे होते आणि सिनेगॉगच्या फाटकावर पोलीस बसलेले होते. लोकसभा निवडणुकीची आचारसंहिता लागू होती. मुंबईचे मतदान 30 एप्रिलला व्हायचे होते. त्याच आठवड्यात महावीर जयंती, हनुमान जयंती आणि गुड फ्रायडे आल्याने बंदोबस्तावरही ताण होता.

मांडलेले पर्याय

समितीची बैठक मार्चच्या अखेरीस झाली. काहीच सामुदायिक करू नये, हे मत आधी आले. 1981 मध्ये येथे काही झाल्याचे कोणाला आठवत नव्हते आणि सिनेगॉगच्या वहीतही नोंद नव्हती. एका वयस्कर काकांचे म्हणणे होते की जे वाडवडिलांनी केले नाही ते आपण नव्याने का सुरू करावे. त्यांच्या बोलण्यातला आदर खरा होता, पण त्यात एक गफलत होती. नोंद नाही म्हणजे विधी झाला नाही, असे ठरत नाही, आणि झाला नसला तरी ग्रंथात स्पष्ट असलेली बेराखा पहिल्यांदा म्हणण्याला 'नवी रीत' म्हणता येत नाही. हज्जानांनी, म्हणजे प्रार्थना चालवणाऱ्यांनी, शुल्हान आरूख या ज्यू आचारसंहितेतील संबंधित कलम (ओराह हायीम 229) वाचून दाखवले आणि हा मुद्दा तेथे मिटला.

दुसरा आक्षेप एका इंजिनिअर तरुणाचा होता आणि तो अधिक टोकदार होता. खरा वसंतसंपात 20 मार्चलाच होऊन गेला आहे. मग 8 एप्रिलला सूर्य 'मूळ जागी परतला' असे देवाचे नाव घेऊन म्हणणे खोटे ठरत नाही का? त्याचे गणित बिनचूक होते. शमुएल यांचे वर्ष खऱ्या वर्षापेक्षा सुमारे 11 मिनिटांनी मोठे आहे आणि शतकानुशतके साचलेल्या त्या मिनिटांचे आता 18 दिवस झाले आहेत. ही चूक आचार्यांना ठाऊक नव्हती असेही नाही. रब्बी अद्दा यांच्या नावावर असलेली अधिक सूक्ष्म गणना परंपरेत आहेच. तरीही या बेराखेसाठी सोपी गणना कायम ठेवली गेली. हज्जानांनी उत्तरादाखल मकरसंक्रांतीचा दाखला दिला. खरे उत्तरायण 22 डिसेंबरच्या सुमारास सुरू होते आणि तिळगूळ आपण 14 जानेवारीला वाटतो. दोन्हीकडे फरकाचे कारण निराळे असले तरी पंचांगाने ठरवलेला दिवस हाच आचरणाचा दिवस. तरुणाचे समाधान झाले की नाही ते सांगता येणार नाही, पण त्याने विरोध मागे घेतला आणि पुढे वेळापत्रक त्यानेच बसवले.

जागेवर बराच वेळ गेला. उघड्या मैदानात सूर्योदयाला जमावे, ही सूचना उत्साही होती. मोठ्या समुदायाने राजाचा मान वाढतो हे नीतिसूत्रांतील वचनही तिच्या बाजूने सांगण्यात आले. पण मैदानासाठी परवानगी, त्यासाठी अर्ज आणि त्या निमित्ताने होणारी जाहिरात त्या वर्षी कोणालाच नको होती. गच्चीवरून सूर्य लवकर दिसला असता, मात्र जिना अरुंद आणि कठडा जुना. उरले आवार. तेथे अडचण अशी, की पूर्वेला शेजारची उंच इमारत आहे आणि ऊन आवारात उशिरा उतरते. नेमके किती वाजता, हे समितीतील एकालाही सांगता येईना. रोज तेथेच खुर्ची टाकून बसणाऱ्या पहारेकऱ्याला मात्र ते ठाऊक होते : "साडेसातनंतर पायरीवर ऊन येतं, तोवर नाही." एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात त्याने दोन-तीन सकाळी घड्याळ लावून खात्री करून दिली.

निर्णय आणि तयारी

क्रमाचा प्रश्न शास्त्राचा होता. सत्कर्म शक्य तितक्या लवकर उरकावे हे एक तत्त्व. या न्यायाने सूर्य दिसताच बेराखा म्हणावी. नित्याचे आणि क्वचितचे एकत्र आले तर नित्याचे आधी, हे दुसरे. अठ्ठावीस वर्षांनी येणाऱ्या गोष्टीपुढे रोजची प्रार्थना मागे ढकलावी असे सहज वाटते, पण शास्त्राचा कल उलटा आहे. येथे मात्र इमारतीच्या सावलीनेच वाद सोडवला. ऊन साडेसातपर्यंत येणार नसेल तर प्रार्थना आधी होणे भागच होते. ठरले ते असे : साडेसहाला सकाळची प्रार्थना, ती संपताच आवारात बेराखा, सव्वाआठला सियूम आणि थोरल्यांचा नाश्ता. सियूमसाठी बाहेरून येणारे शिक्षक त्याआधी मोकळे नव्हते, त्यामुळे मधला वेळ आपोआप बांधला गेला. खमीर खाण्यासाठी दहा आणि जाळण्यासाठी अकरा, अशा हिशेबापेक्षा आधीच्या वेळा सूचनेत छापल्या. घड्याळ बघत शेवटचा पाव तोंडात कोंबण्यापेक्षा हे बरे, असे गबाईंचे, म्हणजे सिनेगॉगची व्यवस्था पाहणाऱ्यांचे, मत होते आणि ते योग्यच होते.

बेराखेचा कागद तयार करताना इब्री मजकुराखाली देवनागरीत उच्चार दिले : बारुख अत्ता... ओसे मआसे बेरेशीथ. देवाचे नाव पूर्ण न छापता खूण वापरली, कारण ते नाव असलेला कागद केरात टाकता येत नाही, तो जपून पुरावा लागतो. बेराखेच्या आधी 148वे स्तोत्र, नंतर 19वे आणि 121वे, शेवटी आलेनू ही समारोपाची प्रार्थना आणि कद्दीश हे देवस्तुतीचे पठण असा पाठ ठेवला. याच शब्दांची बेराखा वीज चमकताना किंवा मोठे पर्वत पाहूनही म्हणतात, हे एका ओळीत खाली दिले; त्यामुळे 'हे काही तरी भलतेच' ही भीती बरीच कमी झाली.

याच काळात एक झेरॉक्स फिरत होती. सूर्याची बेराखा पेसाहच्या आदल्या दिवशी आल्याचे इतिहासात फक्त दोनदा घडले, एकदा मिसरातून सुटकेच्या वेळी आणि एकदा ज्यूंना वाचवणाऱ्या एस्तेर राणीच्या काळात, म्हणून 2009 मध्ये मोठी सुटका होणार, असा तिचा आशय होता. नोव्हेंबरनंतर अशा मजकुराची ओढ वाटणे स्वाभाविक होते. तो सूचनाफलकावर लावावा असा आग्रह झाला. समितीने तो नाकारला, कारण 1925 चा योगही निसान 14 लाच आला होता आणि हे कोणत्याही जुन्या पंचांगात पाहता येते. नकार तोंडी न देता फलकावर त्या झेरॉक्सऐवजी 1925 च्या पंचांगाचे पान टाचले गेले. मला हा या प्रकरणातला सर्वांत चांगला निर्णय वाटतो, कारण त्याने कोणाचा अपमान झाला नाही आणि सिनेगॉगच्या भिंतीवर खोटी गोष्टही गेली नाही.

सूर्याकडे तोंड करून प्रार्थना करण्याचा प्रश्न नाजूक होता. पूर्वेकडे वळून सूर्याला नमन करणाऱ्या पंचवीस जणांची निंदा यहेज्केल या संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या आठव्या अध्यायात आहे, आणि येरुशलायीमच्या प्राचीन मंदिरातील उत्सवात लोक तेच स्मरून सूर्याकडे पाठ फिरवत, असे मिश्ना हा तालमूदचा मूळ ग्रंथ सांगतो. फाटकावरच्या पोलिसानेही सहज विचारले होते, "सूर्याची पूजा आहे का?" त्यात कुचेष्टा नव्हती, अर्घ्य देणारी माणसे तो रोज पाहत होता. हज्जानांनी ठरवले की सूर्याकडे एकदाच पाहायचे, बेराखा म्हणायची आणि उरलेली स्तोत्रे येरुशलायीमच्या दिशेने तोंड करून म्हणायची. मुंबईहून येरुशलायीम पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे आहे. म्हणजे सकाळच्या सूर्याकडे आपोआप पाठ होत होती. फाटकापाशी जाऊन हज्जानांनी त्या पोलिसालाही सांगितले की नमस्कार सूर्याला नाही, सूर्य करणाऱ्याला आहे.

प्रत्यक्ष सकाळ

प्रार्थना सव्वासातच्या पुढे संपली. आवारात सावली होती. नोकरीवर जाणारे सातआठ जण घड्याळ पाहू लागले. त्यांना थांबवून धरावे की सोडावे, हा त्या सकाळचा पहिला न ठरवलेला प्रश्न. बेराखेसाठी मिन्यान, म्हणजे किमान दहा पुरुषांचा जमाव, लागत नाही, ती एकट्यानेही म्हणता येते. मिन्यान लागतो तो कद्दीशसाठी. हज्जानांनी त्यांना कागद देऊन जाऊ दिले. त्यातल्या एकाने ती स्टेशनच्या पुलावर, गर्दीला कडेने वाट देत, रुळांच्या पूर्वेला वर आलेल्या सूर्याकडे पाहून म्हटल्याचे नंतर सांगितले.

ऊन पायरीवर आले तेव्हा आवारात नऊच पुरुष उरले होते. दहावा येईपर्यंत थांबावे, असा सूर निघाला. हज्जान थांबले नाहीत. बेराखा नऊ जणांत आणि जमलेल्या बायकांसह म्हटली गेली. स्तोत्रे चालू असताना शेजारच्या गल्लीतून एक गृहस्थ लेंग्यावरच आले आणि कद्दीश झाला. थांबण्यात सामुदायिकतेचा मान होता, पण सियूमची वेळ पुढे गेली असती आणि त्यासोबत उपवासाची सुटका, नाश्ता, खमीर सगळेच सरकले असते. ज्याला मिन्यान लागत नाही ते मिन्यानसाठी अडवायचे नाही आणि ज्याला लागतो ते तेवढ्यापुरते थांबवायचे, ही फोड मला अचूक वाटते.

बायकांचा प्रश्न मात्र तयारीत हुकला होता. वेळेला बांधलेली ही बेराखा स्त्रियांनी म्हणावी की नाही, यावर आचार्यांत मतभेद आहेत आणि सेफार्दी परंपरेत तशा बेराखा स्त्रियांनी न म्हणण्याकडे कल अधिक. हज्जानांनी इस्रायलमधील एका जाणकाराला फोनवर विचारून उत्तर मिळवले होते, की हज्जानांची बेराखा ऐकून आमेन म्हणणे सर्वांना मान्य होईल. उत्तर होते, पण ते सूचनेत छापले नव्हते. त्यामुळे आवारात ऐन वेळी दोन मावश्या एकमेकींना विचारत राहिल्या, एकीने हळूच म्हटली, दुसरी गप्प राहिली, आणि नंतर दोघींनाही आपलेच चुकले असे वाटत होते.

पावणेदहाला उपनगरातून एक कुटुंब आले. तिसरा तास संपून गेला होता. मध्यान्हापर्यंतच्या मोकळिकीवर बोट ठेवून हज्जानांनी त्यांना पूर्ण बेराखा म्हणू दिली. मग ते खमीर जाळण्याच्या शेगडीपाशी उभे राहिले, हातात घरून आणलेली पावाच्या तुकड्यांची पुडी घेऊन.

परिणाम

अकराच्या आत सगळे उरकले. कोणाचा उपवास लांबला नाही, कोणाचे खमीर राहिले नाही. पोलिसांना वेगळा बंदोबस्त करावा लागला नाही.

नाराजी राहिली ती दूर राहणाऱ्यांची. सुरक्षेच्या कारणाने सूचना फक्त फलकावर लावली होती. ठाणे, कल्याण, नवी मुंबईकडे गेलेल्या जुन्या कुटुंबांना ती कळलीच नाही. पेसाहच्या मधल्या दिवसांत भेटीगाठी झाल्या तेव्हा दोन घरांनी तसे बोलून दाखवले. एका आजोबांचे म्हणणे समितीला लागले : त्यांचे वय पाहता पुढचा योग त्यांच्या हिशेबात नव्हता.

काय वेगळे करता आले असते

जाहिरात न करताही कळवता आले असते. वर्गणीच्या वहीत प्रत्येक घराचा दूरध्वनी क्रमांक होता. दोन माणसांनी एक संध्याकाळ दिली असती तरी पुरे होते. सुरक्षेसाठी जाहिरात टाळणे आणि आपल्याच माणसांना न कळवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि समितीने त्या एकत्र धरल्या.

बायकांसाठीचा निर्णय छापायला हवा होता. शिवाय त्यांना विचारून वेळ ठरवली असती, तर कदाचित साडेआठनंतरची एक दुसरी फेरी निघाली असती. ती शास्त्राच्या उत्तम वेळेतही बसत होती, आणि तीन तासांच्या मर्यादेतील जवळपास दोन तास त्या सकाळी वापरलेच गेले नाहीत.

गच्चीचा पर्याय बहुधा फार लवकर सोडला गेला. चार-पाच धडधाकट नोकरदारांना प्रार्थनेनंतर लगेच गच्चीवर नेऊन मोकळे करता आले असते आणि आवारातला मिन्यान त्याने काही आणखी तुटला नसता. उलट, मैदान टाळण्याविषयी मला शंका नाही. त्या वर्षी तो निर्णय बरोबरच होता.

समितीने त्या दिवशीची वेळापत्रके, 1925 चे पान आणि पहारेकऱ्याने सांगितलेली उन्हाची वेळ एका पाकिटात घालून वहीला लावली आहे. शेजारी आणखी मजले चढले तर त्यातली शेवटची नोंद निरुपयोगी होईल. पुढचा योग 8 एप्रिल 2037, बुधवार, निसान 23 रोजी आहे. तो पेसाह संपल्याच्या दुसऱ्या दिवशी येतो, त्यामुळे खमीर, उपवास आणि सियूम यांची घाई त्या वर्षी नसेल. मात्र भारतात पेसाहचे सातवा आणि आठवा हे दोन्ही दिवस पाळले जातात आणि ते सोमवारी व मंगळवारी येतात. त्या दिवसांत छपाई नाही, दूरध्वनी नाही, सामानाची ने-आण नाही. म्हणून कागद छापणे, घरोघरी कळवणे आणि आवारात ऊन केव्हा उतरते ते पाहून ठेवणे, हे सगळे रविवार, 5 एप्रिलच्या सूर्यास्ताआधी झालेले असावे लागेल. पाकिटावर पेन्सिलने तशी ओळ लिहिलेली आहे.